जाळीचा न शिवलेला कोपरा

आमच्या मागीलदारी कोंबड्यांपेक्षा बाहेरचेच पक्षी जास्त जेवायचे. आई सकाळी तांदळाची कणी फेकायची आणि कोंबड्या चोची खाली घालेपर्यंत चिमण्या त्यातली अर्धी संपवायच्या. मागोमाग साळुंक्या, जोडीने, आपसात भांडत. कावळे पत्र्यावर बसून आधी माणसाचा अंदाज घ्यायचे आणि मग आपल्या हिश्शाला खाली उतरायचे. हे सगळं मला इतकं बारकाईने ठाऊक आहे, कारण त्या हिवाळ्यात मला दुसरं काही करायची परवानगीच नव्हती. मी खाटेवर आडवी होते आणि खाट मागच्या दाराला लावलेली होती.

घर बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, बैठ्या चाळीतलं शेवटचं. मागे थोडी मोकळी जागा, मग दगडांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे घाणेरीची झुडपं सुरू व्हायची ती थेट जंगलापर्यंत. आज तिथे टॉवर आहे आणि त्याच्या गेटवर मला कोणी आत सोडणार नाही. आई-बाबा दोघंही मालवणकडचे. बाबा गिरणीत मागावर होते. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, मग ते जवळच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. आईने कोंबड्या पाळायला घेतल्या त्या संपाच्या वर्षी. पुढे घरात दोन पैसे यायला लागले तरी कोंबड्या राहिल्याच.

माझं सासर अंधेरीला, आणि तिथल्याच एका ऑफिसात मी टायपिस्ट. मी मुळात स्वस्थ बसणारी बाई नाही. मशीनवर बोटं चालली नाहीत की मला टेबलावर ताल धरायची सवय, आणि समोरचा माणूस हळू बोलला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकायची. अशा बाईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं, बाकी झोपून राहायचं. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. मुलगा होता असं नर्सने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्यात एक भीती घर करून होती आणि ती भीती रागाच्या रूपानेच बाहेर पडायची. आठवा लागल्यावर नवऱ्याने मला टॅक्सीत घालून माहेरी आणलं, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी त्याला बोल लावला. बिचारा खिडकीबाहेर बघत बसला.

कोंबड्यांच्या आवाराला आम्ही नुसतं ‘जाळी’ म्हणायचो. बाबांनी चार बाजूंना बांबू रोवून त्यावर, डोक्यावरूनसुद्धा, मासे धरायची जुनी जाळी ताणली होती. ती माझ्या नवऱ्यानेच वर्सोव्याहून आणलेली, एका कोळी मित्राने टाकून दिलेली. आणताना त्याच्या डोक्यात एवढंच होतं की फुकट आहे आणि मजबूत आहे. तिला मासळीचा वास येतो आणि त्या वासावर अख्ख्या बोरिवलीचे कावळे येतील, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आईने ती सोड्याच्या पाण्यात तीनदा धुतली. वास कमी झाला, पण कावळ्यांना पत्ता कळला तो कळलाच.

जुनी जाळी, जागोजागी फाटलेली. बाबा ड्युटीवरून सकाळी घरी आले की चहा पिऊन पहिलं काम तेच. नायलॉनची दोरी घेऊन जाळीपाशी उकिडवे बसायचे आणि रात्रीत पडलेली भोकं सांधायचे. मागावर धागा तुटला की जी गाठ मारतात, तीच गाठ. इवलीशी, चपटी, बोटाला न लागणारी. ती मारताना ते बघायचेसुद्धा नाहीत, बोटं आपोआप चालायची. त्यांना तुटका धागा दिसला की चैन पडत नसे. माझ्या ब्लाउजचा दोरा लोंबत असला तर भर लग्नात त्यांनी हात घालून तो तोडला होता. असा माणूस जाळीचा एकच कोपरा, गडग्याकडचा, शेवग्याच्या बुंध्याशी असलेला, तसाच सोडून उठायचा. वीतभर भोक होतं तिथे. मी खाटेवरून ओरडायची, बाबा, तो कोपरा राहिला. एकदा म्हणाले दोरी संपली. एकदा म्हणाले, उद्या. तिसऱ्यांदा त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि ते मला फार झोंबलं.

घरात त्या दिवसांत आम्ही दोघी बसून होतो. दुसरी म्हणजे आईची तांबडी कोंबडी. ती खुडूक झाली होती, म्हणून आईने पाटीत पेंढा घालून तिला तेरा अंड्यांवर बसवलं होतं. आई आम्हा दोघींना एकाच सुरात दटावायची. कोंबडी उठून फिरायला लागली की तिला, आणि मी उठून खिडकीपर्यंत गेले की मला. मला ते मुळीच गमतीचं वाटत नव्हतं. कोंबडीला एकवीस दिवस ठरलेले. माझं काय ठरलेलं होतं ते कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं.

मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरीचं पीठ मळत होती. अचानक पिठाच्या हातांनीच ती दारात आली आणि माझा दंड धरला.

“उठ गो. कुकुडकोंबो इलो.”

गडग्यावर भारद्वाज बसला होता. कावळ्याएवढा, काळाभोर, पंख विटकरी तांबडे, डोळे गुंजेसारखे लाल. थंडीचे दिवस, त्याने उन्हाकडे पाठ करून दोन्ही पंख पसरले होते. आमच्याकडे सकाळी भारद्वाज दिसणं फार शुभ मानतात. त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, मनातलं काम होतं. कावळ्याला काठी आणि चिमण्यांना पदर झटकणाऱ्या माझ्या आईने त्या पक्ष्याला पिठाच्या हातांनी नमस्कार केला. मला उठवून बसवलं, पोटावर हात ठेवायला लावला आणि नीट बघ म्हणाली. मी बघितलं. मनात म्हटलं, डॉक्टर उठू नको म्हणतात आणि ही पाखरासाठी उठवते. तेवढ्यात पोटात बाळ फिरलं. ते काही पक्ष्याला बघून फिरलं नव्हतं, सकाळी त्या वेळेला ते फिरायचंच. पण आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आदल्या वर्षीपासून पाहिलं नव्हतं, म्हणून मी पोटावरचा हात तसाच ठेवला.

त्यानंतर तो अधूनमधून यायचा. कधी सलग दोन दिवस, कधी चार दिवस पत्ता नाही. रानात कुठेतरी हुप हुप हुप असा घुमायचा आणि आई हातातलं काम टाकून कान द्यायची. न आला त्या दिवशी ती उगाचच भांडी आपटायची. नवरा रविवारी यायचा, तो मला चिडवायचा, “काय, तुमचा पक्षी ड्युटीवर आहे ना?” मी हसायची. त्याच्यासमोर मी या सगळ्यावर हसायचीच.

मग पिल्लं निघाली. तेरांपैकी अकरा. काही पिवळी, काही काळी, आणि एक अर्धं काळं अर्धं पिवळं, डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखं. माझ्या आयुष्यात अचानक काम आलं. सकाळी डोळा उघडला की मी ती मोजायची, चहा झाला की मोजायची, दुपारी मोजायची. अकरा भरली की बरं वाटायचं. एरवी पहिले आठ-दहा दिवस आई कोंबडीला पिल्लांसकट बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे कावळा-घारीची भीती नको. या वेळी तिने तिसऱ्याच दिवशी डालगं काढून बाजूला उपडं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, पिल्लांना ऊन लागायला हवं. मला ते पटलं नाही, पण कोंबड्यांचं शहाणपण तिचं. मी टायपिस्ट.

पिल्लं मोकळी झाली आणि भारद्वाज रोज यायला लागला. आठच्या सुमारास ऊन गडग्यावर आलं की तो हजर. आई तर हरखून गेली. रोज दर्शन होतंय, म्हणाली, म्हणजे आता काळजीचं कारण नाही. मला रोज उठवून बसवायची, पोटावर हात ठेवायला लावायची, मग घाईघाईने कळशी उचलून नळावर पाणी भरायला निघून जायची.

पहिल्या दिवशी दुपारी पिल्लं दहा भरली. मला वाटलं मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी दहाच होती, तिसऱ्या दिवशी नऊ. मी कावळ्यावर संशय घेतला, मुंगसावर घेतला, शेजारच्या बोक्याला तर शिव्याच घातल्या. आईला सांगितलं तर ती म्हणाली, होतं असं, सगळी कधी जगतात? एवढंच बोलून चुलीकडे वळली. मला तिचा राग आला. माझ्यासमोर तिने असं बोलायला नको होतं.

चौथ्या दिवशी आई नळावर असताना मी ते पाहिलं. भारद्वाज गडग्यावरून उतरला. तो फारसा उडत नाही, चालतो, घरच्या माणसासारखा. शेपटी जमिनीला टेकवत तो शेवग्याच्या बुंध्याशी आला, मान आत घातली आणि त्या न शिवलेल्या कोपऱ्यातून जाळीत शिरला. कोंबडी अंग फुगवून त्याच्या अंगावर धावली. तो बाजूला झाला, पिल्लं चहूकडे पांगली, आणि त्यातलं एक त्याने चोचीत धरलं. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, उशी फेकली. उशी दारातच पडली. तो आला तसाच चालत कोपऱ्यातून बाहेर गेला. सगळ्याला मिनिटभर लागलं असेल.

आई आली तेव्हा मी उशी परत डोक्याखाली घेतली होती. मी तिला काही सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, तिची श्रद्धा आहे, कशाला मोडा. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मीसुद्धा त्याची वाट बघायला लागले होते. सगळ्या गोष्टींना हसणारी मी, पहाटेपासून जागी राहून ऊन गडग्यावर कधी येतं ते बघायची. त्याला हाकललं आणि काही वाईट झालं तर? हा विचार एकदा मनात आला आणि मग तो निघायलाच तयार नाही. मी त्या पक्ष्याचा द्वेष करायची आणि त्याला बघितल्याशिवाय मला चहाही जात नसे.

पुढचे तीन-चार दिवस फार वाईट गेले. सकाळी मी आईच्या हाताला धरून उठायची, बघायची, आई नळावर जायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. कानावर कोंबडीचा आकांत यायचा. तो थांबला की पोटावर हात ठेवून मी वाट बघायची. बाळ हललं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच स्वतःची किळस यायची. आठ राहिली, मग सहा, मग चार. डोळ्यावर पट्टीवालं अजून होतं. ते बाकीच्यांपेक्षा चपळ होतं, कोंबडीच्या पंखाखालून बाहेर येतच नसे.

चार उरली त्या दुपारी माझ्याने राहवेना. आई रेशनच्या दुकानात गेली होती, बाबा झोपले होते. मी उठले. भिंतीला धरून पायरी उतरले, पोट सावरत जाळीला वळसा घालून शेवग्यापाशी गेले आणि खाली बसले. दोरी कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं, म्हणून येताना वाळत घातलेल्या परकराची नाडी ओढून घेतली होती. तिने मी ते भोक आवळून बांधलं, गाठीवर गाठ मारली. बाबांनी ती गाठ बघितली असती तर त्यांना ताप आला असता. बांधताना मला दिसलं की त्या भोकाच्या कडा फाटलेल्या नव्हत्या. दोन ठिकाणी बाबांची चपटी गाठ अर्धवट सोडवलेली होती, दोऱ्याची टोकं सरळ होती. मला ते दिसलं, पण उठायची घाई होती. आई यायच्या आत परत येऊन खाटेवर पडले.

दुसऱ्या दिवशी तो आला. आईने मला उठवलं, मी बघितलं, ती नळावर गेली. तो कोपऱ्याशी आला, नाडीवर दोन चोची मारल्या, जाळीला एक फेरी घातली आणि परत गडगा चढून निघून गेला. चारही पिल्लं जिवंत राहिली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. ऊन गडग्यावरून अंगणात उतरलं, अंगणातून दारात आलं. आई हाताला पीठ तसंच ठेवून दारात उभी. पीठ वाळून तिच्या बोटांवरून गळायला लागलं तरी ती हलली नाही. आणि मला जाणवलं की सकाळपासून बाळ हललेलं नाही. मी कुशीवर वळले, परत उताणी झाले. पाणी प्यायले, गूळ खाल्ला. काहीच नाही. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर नाडीचंही सांगावं लागलं असतं. मला आदल्या वर्षीचं ते सगळं आठवलं, तो शांतपणा, नर्सने माझ्याकडे न बघता ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळणं. शिकलेली बाई मी, ऑफिसात साहेबाच्या इंग्रजीतल्या चुका काढणारी, आणि एका नाडीच्या गाठीने मी माझं दुसरं मूल मारलं असं मला त्या वेळी अगदी खरं वाटत होतं.

दुपारी मागीलदारी काहीतरी खुडबुडलं म्हणून मी मान वळवली. आई शेवग्याच्या बुंध्याशी उकिडवी बसली होती आणि माझ्या परकराच्या नाडीची गाठ दातांनी सोडवत होती. गाठ सुटली तेव्हा तिने नाडी झटकली, गुंडाळली, कमरेला खोचली, आणि मग बोटांनी भोक रुंद करून बघितलं. ते बोटांनी मापणं बघून मला सगळं समजलं. सोडवलेल्या त्या गाठी, बाबांचं न संपणारं ‘उद्या’, बाजूला उपडं ठेवलेलं डालगं, रोज त्याच वेळेला नळावर जायची घाई. मी उठून दारात गेले. ती मला बस, बस म्हणाली, मी बसले नाही.

“आई, तो पिल्लं खातो.”

“माका ठाऊक आसा.”

“पहिल्यापासून?”

हातांची माती झाडत ती म्हणाली, “पिल्लां काय गो, कोंबडी परत बसतली. तुझां काय?”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. माझं बाळ काय या पिल्लांच्या बदल्यात येणार आहे का, असं विचारायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण त्याच क्षणी पोटात डाव्या बाजूला एक जोरदार लाथ बसली, सकाळपासूनची पहिली, आणि मी दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले. आईने मला धरून खाटेवर नेलं. तिला वाटलं मी पिल्लांसाठी रडतेय. थोडी पिल्लांसाठीही रडत होते. तिच्या कमरेला माझी नाडी तशीच खोचलेली होती आणि माझं डोकं तिच्यावर टेकलं होतं.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते झालं तसं सांगते. मी ते भोक परत बांधलं नाही. दोन दिवसांनी भारद्वाज पुन्हा आला. आईने हाक मारली, मी उठले, पोटावर हात ठेवला, बघितलं. आता आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि दोघी काही बोलत नव्हतो. ती नळावर जाताना माझ्याकडे बघायची नाही, मी तिच्याकडे बघायची नाही. फक्त मी आता भिंतीकडे तोंड फिरवत नव्हते. निदान एवढं तरी बघायला हवं असं मला वाटायचं. चाराची तीन झाली, मग एक. पट्टीवालं उरलं.

नववा सरायच्या आधीच एका सकाळी कळा सुरू झाल्या. त्या दिवशी तो आला होता का, हे मला आठवत नाही, आणि आईला मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी हॉस्पिटलात मुलगी झाली. लहान होती, सुरकुतलेली, पण रडली अशी की शेजारच्या खोलीतल्या बायका डोकावून गेल्या. नवऱ्याने तिला बघून ‘झकास’ म्हटलं. बाबा दारात उभे राहून चष्मा पुसत होते.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाळाला तेल लावत होती, आणि आठच्या उन्हात तो गडग्यावर येऊन बसला. पंख पसरले. मी सवयीने उठून बसले, बाळाला उचलायला हात पुढे केला, तिलाही दाखवावं म्हणून. आईने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि तेलकट हातांनी दाराबाहेर गेली. मला वाटलं आता नमस्कार करील. तिने खाली वाकून एक दगड उचलला आणि त्याच्यावर भिरकावला. नेम चुकला, पण तो दचकून घाणेरीत उतरला. आयुष्यात तिने भारद्वाजाला दगड मारला असेल तो तेवढाच.

तिने बाबांना हाक मारली. बाबा दोरी घेऊन आले, जणू कधीची खिशातच होती. शेवग्यापाशी बसले आणि तो कोपरा सांधला. पाच-सहा गाठी, इवल्या, चपट्या. उठताना त्यांनी जाळी ओढून बघितली, दोनदा.

आई आत आली आणि फळीवरचा डबा घेऊन परत बाहेर गेली. त्यात माझ्यासाठी केलेले अळीवाचे लाडू होते. नारळ, गूळ, वर तूप, बाळंतिणीला अंगावर दूध यावं म्हणून करतात ते. तिने एक लाडू काढला, जाळीचं दार उघडून आत गेली आणि तांबड्या कोंबडीपुढे बसून हाताने तो कुस्करायला लागली. कोंबडी आधी मागे सरली. तिच्या पोटाखाली ते पट्टीवालं पिल्लू होतं, आता पंखांना पिसं फुटलेलं.

मी खाटेवरून म्हटलं, आई, तो माझा लाडू आहे. गमतीनेच म्हटलं.

“ती पण बाळंतीणच मा,” आई म्हणाली. मागे वळून बघितलं नाही तिने.

कोंबडी पुढे आली आणि तिच्या हातातला लाडू खायला लागली. वरच्या फटीतून दोन चिमण्या शिरल्या आणि सांडलेले दाणे टिपू लागल्या. आईने त्यांना हाकललं नाही. लाडू संपला तरी ती हात तसाच पुढे धरून बसून राहिली. माझी मुलगी मांडीवर रडायला लागली, मी तिला पदराखाली घेतलं, आणि ती पीत असताना मी जाळीकडे बघत होते. कोंबडीने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पिल्लाला पोटाशी घेऊन ती कोपऱ्यात गेली, जिथे बाबांनी नुकत्याच गाठी मारल्या होत्या, आणि तिथली जमीन पायाने उकरत राहिली.